कोल्हापुरात पहिल्यांदा जेवणार असाल तर: पांढऱ्यापासून सुरुवात करा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्याकडं पाहुण्यांची रीघ सुरू होते. अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, रंकाळ्यावर संध्याकाळ आणि मधे कुठंतरी 'तांबडा-पांढरा' म्हणजे मटणाचे दोन रस्से, हा ठरलेला कार्यक्रम. दर्शन कसं घ्यायचं ते कुणाला सांगावं लागत नाही, जेवणाचं मात्र तसं नाही. मागच्या खेपेला नागपूरहून आलेल्या आमच्या साडूंनी पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करली, तांबडा आमटी समजून भातावर ओतला आणि दहा मिनिटांत हात धुवून मोकळे झाले. पोट भरलं होतं, पण चेहऱ्यावर 'एवढं काय असतं यात?' स्पष्ट लिहिलेलं. चूक त्यांची नव्हती. ताट कसं खायचं हे आम्ही गृहीत धरलेलं, आणि त्यांनी विचारलं नाही. म्हणून हे लिहितोय. पहिल्यांदा येणाऱ्यानं क्रमानं वाचावं, वाटलं तर शेवटचं आधी.

१. आधी वार बघा

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या दिवशी बरीच घरं मटण खात नाहीत, त्यामुळं हॉटेलात गर्दी कमी असते. जागा पटकन मिळते हे खरं, पण रस्साही कमी लागतो, म्हणजे भांडं जास्त वेळ शेगडीवर राहतं. खरं मटणाचे वार म्हणजे बुधवार आणि रविवार. रविवार जोतिबाचा असल्यामुळं काही घरांत तोही पाळतात, पण गावाकडं बघून ते कळायचं नाही, एवढी गर्दी असते. मला विचाराल तर बुधवारी दुपारी जा. मटण ताजं आणि रांग अर्धी.

नवरात्रात आणि श्रावणात येणार असाल तर गणित वेगळं. नवरात्रात देवळाच्या आसपास माणसाला माणूस लागतो. मंगळवारी-शुक्रवारी एरवीही दर्शनाची रांग मोठी असते. त्या दिवशी दर्शन आणि जेवण एकाच दमात उरकायचा हट्ट नको. एक सकाळी, एक रात्री.

वेळेचं एकच सांगतो. दुपारी साडेबारा ते दोनच्या आत बसा. साडेतीनच्या पुढं बऱ्याच खानावळींचं स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं. पन्हाळ्यावरून चारला उतरून 'आता मस्त थाळी' म्हणणारे पाहुणे शेवटी स्टँडसमोर वडापाव खातात. हे मी अनेकदा पाहिलंय.

२. हॉटेल शोधताना

गाडी असेल तर ती बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये लावा आणि भवानी मंडपाकडं चालत जा. महाद्वार रोडला गाडी घेऊन शिरणं म्हणजे दर्शनाआधीच तपश्चर्या. देवळाच्या चारी दरवाजांभोवती हॉटेलं आहेत, पण ती मुख्यतः दर्शन करून आलेल्या भाविकांसाठी. तिथं डोसा, पावभाजी, पुरी-भाजी, शाकाहारी थाळी मिळते आणि घाईत असाल तर ठीकच मिळते. रश्श्यासाठी मात्र देवळापासून जरा लांब चला. राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरी, स्टेशन रोड, किंवा पेठांमधल्या घरगुती खानावळी. ओपल, पद्मा, देहाती, पारख ही नावं बाहेरगावच्या माणसालाही ठाऊक असतात. त्यातलं कुठलं भारी यावर गावात दोन मतं नाहीत, दहा आहेत. त्या वादात मी पडत नाही.

रिक्षावाल्याला 'चांगलं हॉटेल कुठलं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर तुमच्या कपड्यांकडं बघून येतं. 'मामा, तुम्ही घरच्यांना घेऊन कुठं जाता जेवायला?' असं विचारा. मग तो आरशातून एकदा बघतो, जरा थांबतो आणि खरं नाव सांगतो. चपलांच्या दुकानदारालाही असंच विचारता येतं, फक्त चप्पल घेतल्यावर.

हॉटेलच्या दारात दोन मिनिटं उभं राहा. आत बसलेल्यांच्या पुढ्यात काय आहे ते बघा. जास्तीत जास्त टेबलांवर नान आणि पनीर दिसलं तर ते हॉटेल वाईट असेलच असं नाही, पण तुम्ही ज्यासाठी आलाय ते त्यांच्या स्वयंपाकघराचं मुख्य काम नाही. स्टीलची ताटं, वाट्यांचा खणखणाट, आणि बादली-डाव घेऊन फिरणारा वाढपी दिसला की आत जा. बादली महत्त्वाची. रस्सा बादलीतनं फिरतोय म्हणजे तो संपतोय आणि नवा येतोय.

३. बसल्यावर, पण मागवण्याआधी

पाट्यांवर 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं. काय अनलिमिटेड, ते विचारा. बहुतेक ठिकाणी दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढतात. भात आणि भाकरीचं ठिकाणानुसार बदलतं. सुक्कं मटण जवळपास कुठंच पुन्हा वाढत नाहीत. मी इथंच लहानाचा मोठा झालो, तरी एकदा फसलो. बहिणीच्या सासरची मंडळी होती, एका मोठ्या पाटीच्या हॉटेलात गेलो. वाढपी अगदी प्रेमानं म्हणाला, "सुक्कं आणू का अजून?" मामंजी म्हणाले, "आण की." चार वाट्या आल्या. बिलात त्या चारही वेगळ्या लावलेल्या, आणि सात वर्षांच्या भाचीनं आईच्या ताटातली अर्धी भाकरी खाल्ली म्हणून 'शेअरिंग'चे पैसे निराळे. भांडायची सोय नव्हती, कारण भिंतीवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून मी चार गोष्टी आधी विचारतो: पुन्हा काय काय वाढणार, साध्या आणि स्पेशल थाळीत फरक कशाचा (सहसा स्पेशलमध्ये खिमा, अंडं किंवा बिर्याणी येते), लहान मुलाला वेगळी थाळी घ्यावीच लागते का, आणि भाकरी ज्वारीची आहे का. शेवटचा प्रश्न पैशाचा नाही, पण त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं. 'आहे, पण चपाती लवकर येईल' असं उत्तर आलं तर थांबायची तयारी ठेवा आणि भाकरीच घ्या.

थाळीचे दर मी मुद्दाम लिहीत नाही. ते मटणाच्या भावाबरोबर हलतात, आणि मटणाचा भाव हा इथं राजकारणापेक्षा तापट विषय आहे. 2019 मध्ये मटण महागलं म्हणून गावानं कृती समिती काढून आंदोलन केलं होतं. बाहेरच्यांना तो विनोद वाटला. इथं कुणी हसत नव्हतं.

४. ताट आलं. आता?

इथं घाई करू नका. ताटात साधारण एवढं असतं: सुक्कं मटण, तांबड्याची वाटी, पांढऱ्याची वाटी, कधी खिमा, कधी उकडलेलं अंडं, दह्यातली कांद्याची कोशिंबीर, कांदा-लिंबू, भाकरी, आणि मागाहून भात. काही ठिकाणी सोलकढी देतात. ती कोकणची पाहुणी. आली तर प्यावी, नाही आली तर तक्रार नको.

सगळ्यात आधी पांढरा. वाटी उचलायची आणि प्यायची. चमचा लागत नाही. लोक तांबड्यासाठी म्हणून कोल्हापुरात येतात, पण हॉटेल ओळखायचं असेल तर पांढऱ्यावरून. तांबड्यात चटणी आणि तेलाच्या आड बरंच काही लपतं, पांढऱ्यात लपायला जागाच नसते.

तो कसा करतात ते थोडक्यात सांगतो, म्हणजे जिभेला काय शोधायचं ते कळेल. मटण आलं-लसूण आणि मिठावर शिजवलं की जे पाणी सुटतं त्याला आम्ही अळणी म्हणतो. हे अळणी म्हणजे दोन्ही रश्श्यांची आई. पांढऱ्यात ते गाळून घेतात आणि त्यात नारळाचं दूध, वाटलेले तीळ-खसखस-काजू, अख्खा गरम मसाला घालतात. हळद नाही, लाल मिरची नाही. चांगल्या पांढऱ्यात पहिल्या घोटाला हाडाचा, मटणाचा स्वाद येतो, मग नारळ, आणि गिळून झाल्यावर घशात मिऱ्याची हलकी चुणूक राहते. तो पातळ असतो. भजीच्या पिठासारखा दाट आला तर कुणीतरी पीठ लावलंय. गोड लागला तर नारळ जास्त आणि अळणी कमी. बारीक कण वर तरंगताना दिसले तर नारळाचं दूध फुटलंय, म्हणजे तो पुन्हा पुन्हा उकळलाय. अशा वेळी वाढप्याला सांगावं, "दादा, गरम ताजा असेल तर बघा की." चांगल्या हॉटेलात वाटी बदलून मिळते, आणि तो रागावतही नाही.

मग सुक्कं. भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यात सुक्क्याचा मसाला धरायचा, आणि तो घास तांबड्यात बुडवून काढायचा. नुसता टेकवायचा, भिजवायचा नाही. तांबडा पण पातळच असतो. वर तेलाचा लाल तवंग, खाली पाण्यासारखा रस्सा. दाट, टोमॅटोची ग्रेव्ही आली तर ती दुसऱ्या गावची. रंग येतो तो चटणीमुळं. आमच्याकडं 'चटणी' म्हटलं की खोबऱ्याची नव्हे, कांदा-लसूण मसाला, वर्षाचा एकदम करून बरणीत भरून ठेवलेला. त्यात तिखटासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी मिरची पडते. म्हणून रंग बघून घाबरू नका. लालभडक दिसतो तेवढा तो जाळत नाही. जो नुसताच जाळतो, चव काही लागत नाही, तो पाहुण्यांच्या अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी केलेला असतो. 'कोल्हापुरी म्हणजे जीभ भाजलीच पाहिजे' हे बाहेरच्या गावांनी ठरवलेलं. आमच्या घरच्या तांबड्याला तीळ, खोबरं आणि लसणाचा वास आधी येतो, तिखट मागून.

भात शेवटी. पहिल्यांदा भातावर पांढरा घ्या, दुसऱ्यांदा तांबडा. दोन्ही एकत्र कालवून खाणारेही आहेत. माझा थोरला भाऊ त्यातलाच, आणि आई अजून त्याच्याकडं बघून मान फिरवते.

वाढपी आला की 'बास' लवकर म्हणायचं नाही. इथं आग्रह हा जेवणाचाच भाग आहे. "घ्या की वो, अर्धी वाटी" असं दोनदा म्हणणारच. तिसऱ्यांदा वाटीवर हात ठेवला की समजतो. पण ताटात टाकून उठू नका. गल्ल्यावरचा मालक काही बोलणार नाही, फक्त बघेल.

५. तिखट लागलंच तर

पाणी पिऊ नका. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. त्यामुळं पाण्यानं तो तोंडभर पसरतो इतकंच. दह्याची कोशिंबीर खा, पांढरा प्या, कोरड्या भाकरीचा घास चावा. लिंबूही चालतं. लहान मुलांसाठी सरळ अळणी मागा. ते बहुतेक ठिकाणी असतं, भातावर घालून देतात, आणि आमच्याकडची पोरं त्यावरच मटण खायला शिकतात. ज्येष्ठांना पित्ताचा त्रास असेल तर त्यांनीही अळणीवर भागवावं, त्यात काही कमीपणा नाही.

६. मटण न खाणाऱ्यांसाठी

'व्हेज कोल्हापुरी' मागवू नका. ती पंजाबी ग्रेव्हीत जास्त तिखट घालून तयार झालेली भाजी, कोल्हापुरातल्या घरांत ती कुणी करत नाही. त्यापेक्षा अख्खा मसूर आणि रोटी घ्या. हायवेच्या ढाब्यांवर वाढलेला हा पदार्थ, साधा आणि पोटभर. किंवा भरलं वांगं, पिठलं, भाकरी, दही आणि खरडा. खरडा म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि तांबड्यापेक्षा जपून खायची गोष्ट खरं तर हीच. पन्हाळ्यावर तटाच्या कडेला बायका चुलीवर भाकरी भाजून पिठलं-खरडा-दही देतात. गड फिरून झाल्यावर ते ताट मला एसी हॉटेलच्या व्हेज थाळीपेक्षा कधीही जास्त आवडतं. देवळाजवळ अन्नछत्रही आहे, दुपारी तिथं प्रसादाचं जेवण मिळतं.

मांसाहारी-शाकाहारी एकत्र असाल तर विचारून बसा. दोन्हींचं स्वयंपाकघर वेगळं ठेवणारी हॉटेलं आहेत, सगळीकडं तसं नसतं. अंदाज करू नका, मालकाला विचारा. खरं सांगतात.

७. मिसळ: तिच्यासाठी सकाळ वेगळी काढा

थाळी आणि मिसळ एका दिवशी दुपारच्या आत केली तर दोन्हीचा अपमान होतो. मिसळ सकाळची. नावाजलेल्या ठिकाणी दुपारपर्यंत संपतेच. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, अशी नावं ऐकलेली असतील. इथं मिसळीबरोबर बहुतेकदा ब्रेडच्या स्लाइस येतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे पाव मागतात आणि हिरमुसतात. रस्स्याला म्हणायचं 'कट'. संपला की हाक मारायची, "कट टाका." 'सॅम्पल' म्हणालात की लगेच कळतं तुम्ही कुठून आलाय. ब्रेड कटात पूर्ण बुडवू नका, त्याचा लगदा होतो. कोपरा बुडवून लगेच तोंडात.

रांगेत टेबल राखून ठेवायची पद्धत नाही. जागा रिकामी झाली की अनोळखी माणसासमोर बसायचं. तो 'कुठले तुम्ही?' विचारणारच, आणि जाताना दुसऱ्या एका मिसळीचं नाव सांगून जाणार.

जाता जाता एक. भाऊसिंगजी रोडवरून गेलात तर आठवण ठेवा. महारांच्या मुलानं हॉटेल काढलं तर चहा कोण पिणार, असा तो काळ. शाहू महाराजांनी त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून, बरोबरच्या सवर्ण मंडळींना घेऊन तिथं चहा प्यायला जायचे. या गावात एका टेबलावर बसणं आपोआप आलेलं नाही.

८. बिल

साध्या रेस्टॉरंटमध्ये, एसी असो वा नसो, जीएसटी 5 टक्के. तो बिलात अडीच-अडीच टक्के असा दोन ओळींत दिसतो. छोट्या खानावळी कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर योजना) असतील तर त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. बिलावर तसं छापलेलं असतं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच तसे निर्देश काढले आहेत. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. खरं सांगायचं तर खानावळींत हा प्रकार क्वचितच होतो. मोठ्या हॉटेलांत बिल वाचायची सवय ठेवा. बिलावर 14 आकडी अन्न परवाना क्रमांकही असायला हवा.

वाढप्याला टिप द्यायची असेल तर त्याच्याच हातात द्या. फोनवर पैसे भरताना ती मालकाच्या खात्यात जाते आणि तिथंच राहते.

९. जेवणानंतर

हॉटेलात आइस्क्रीम मागवू नका. बाहेर पडा. कोल्हापुरात 'कोल्ड्रिंक' म्हणजे बाटलीतला सोडा नव्हे, आटवलेल्या गार दुधात आइस्क्रीम घालून ग्लासात येतं ते. आणि 'कॉकटेल' म्हणजे फळं, सुकामेवा, जेली घातलेलं आइस्क्रीम. माझ्या नाशिकच्या मावशींनी पाटी वाचून पोरांना आधी बाहेरच थांबवलं होतं.

रंकाळ्यावर भेळ खायची तर संध्याकाळी, थाळीनंतर किमान चार तासांनी. भेळेचं पोटात जागा नसताना काही खरं नाही. खासबाग मैदानाच्या बाजूला खाऊ गल्ली आहे, तिथंही हाच नियम. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं ते कुस्तीचं मैदान आधी आत जाऊन बघून या, तेवढंच चालणं होतं.

आणि रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी दारात उभ्या असतात. समोर धार काढतात, पितळी किंवा स्टीलच्या ग्लासात फेसासकट हातात देतात. दूध तापवलेलं नसतं, त्यामुळं पोट नाजूक असेल तर नुसतं बघा. पिणार असाल तर ग्लास दोन्ही हातांत धरा, तो अजून कोमट असतो. फेस ओठाला लागला की पुसायची घाई करू नका, आजूबाजूला सगळ्यांच्याच मिशा पांढऱ्या झालेल्या असतात.